उभ्यानं तापती, का चढाला?

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत तापलेली कुठलीही वस्तू थंड करण्याचा अधिकार फक्त माझ्या दाजींना आहे, असं खुद्द दाजींचं मत आहे आणि ते खोडून काढायची हिंमत मी आजवर केलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वत्सलाअक्काचे यजमान. उचगावात त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. आलेल्या ट्रकला हात लावण्याआधी ते ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारतात, "उभ्यानं तापती, का चढाला?" हा प्रश्न ते ट्रकपुरता ठेवत नाहीत, ही खरी अडचण. एकदा मला सणकून ताप भरला होता. बाकीचे नातेवाईक हळहळत होते. दाजींनी मात्र खाटेशेजारी बसून, जिना चढताना अंग जास्त तापतं का पडल्यापडल्या, याची बारकाईनं चौकशी केली आणि पाणी वाढवायला सांगून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांच्या गोळ्यांचं श्रेय त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

तापमान दाखवणाऱ्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. काटा हा पगारी माणूस, मालकाला बरं वाटेल तेच दाखवणार, असं ते म्हणतात. त्यांची सगळी भिस्त खांद्यावरच्या टॉवेलवर. इंजिन चालू करायचं, ट्रकच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर टॉवेल धरायचा आणि हात सोडायचा. आतल्या पंख्यानं वारं ओढून तो चिकटवून धरला, तर गाडीचा दम शाबूत. गळून पडला, तर दोष सापडला. हा टॉवेल अक्का रोज सोड्यात उकळायची आणि रोज नव्यानं कपाळाला हात लावायची.

दाजींचा स्वतःचाही एक ट्रक आहे, वयानं माझ्या मुलाहून मोठा. कोकणातून जांभ्याचे चिरे भरून तो घाट चढून येतो. अक्का हौसेनं बरोबर जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही जायचो. केबिनमध्ये तिघांची जागा असूनही दाजी म्हणायचे, "पावणं, तुमी मागं हौद्यात बसा. आमाला बोलायचं असतंय." त्यामुळे मी भूगोलाचा मास्तर असूनही गगनबावड्याचा घाट कायम चिऱ्यांवर बसून पाहिला आहे आणि माझ्या निम्म्या पँटी मागून तांबड्या आहेत.

गेल्या वर्षी अक्का गेली. दाजी रडले नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी आपला ट्रक खोलायला घेतला. रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप नवा घातला, पाइप सगळे बदलले, रंग दिला. शेवटी जाड पत्र्याची भलीमोठी पाटी करून घेतली, 'वत्सला प्रसन्न'. प्रसन्न हे देवाला लिहितात, असं पेंटरनं भीत भीत सुचवलं. त्यावर दाजी म्हणाले, "जित्तेपणी कदी पुरती प्रसन्न झाली न्हाई. आता तरी हुंदे की." ती पाटी त्यांनी जाळीवर मधोमध, आठ बोल्ट आवळून बसवली.

तेव्हापासून ट्रक तापू लागला. गॅरेजात उभा असला की गरीब गाय, भरून घाटात गेला की वाफाच वाफा. दाजींनी रेडिएटर पुन्हा उतरवला, पंप पुन्हा बदलला, पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत तासतासभर उकिडवे बसले. टॉवेल मात्र एकदाही लावला नाही. मला कारण दिसत होतं. एवढी पाटी आडवी आल्यावर वारं आत शिरणार कुठून? पण अक्काचं नाव तिथून काढा, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी मुळात भित्रा, गप्प बसलो. अखेर दाजींनी चारचौघांत जाहीर केलं की या खेपेला तापला, तर ट्रक भंगारात आणि आपला पाना कायमचा खुंटीला. दाजी बोललेला शब्द फिरवत नाहीत. मी रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गेलो.

या वेळी मला केबिनमध्ये बसायला मिळालं आणि ते अजिबात आवडलं नाही. परतताना, अर्ध्या घाटातच काटा लाल रेघेकडे सरकला. दाजींनी ट्रक कडेला घेतला, इंजिन चालूच ठेवलं आणि जाळीसमोर जाऊन नुसते उभे राहिले. मी उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा दाजींना काहीतरी सुचवलं.

"दाजी, टॉवेल लावून बघा."

जाळीच्या वरच्या पट्टीवर टॉवेल घट्ट चिकटला. पाटीवर धरला तो घसरून खाली आला. त्यांनी उचलून पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"पयल्या दिसापास्नं कळतंय मला, पावणं," दाजी म्हणाले.

मलाही कळत होतं, असं मी कबूल केलं. त्यांनी पाना आणला, आठही बोल्ट काढले, पाटी टॉवेलनं स्वच्छ पुसली आणि केबिनमध्ये डाव्या बाजूच्या सीटवर नीट टेकवून उभी केली.

"हितं बस आता," ते तिला म्हणाले. "म्होरं हुबी ऱ्हाऊ नगंस, वारं अडतंय."

काटा खाली आल्यावर ते माझ्याकडे वळले. "पावणं, तुमी हौद्यात बसा."

मी चिऱ्यांवर चढून बसलो. गगनबावड्यापर्यंत वाफेचा मागमूस दिसला नाही. केबिनच्या मागच्या काचेतून दाजींचं डोकं मधूनमधून डावीकडे वळताना दिसत होतं, आणि ओठ सारखे हलत होते. मला अक्काची फार आठवण आली. खूप दिवसांनी आपण आपल्या जागेवर बसलो आहोत, असं वाटलं.