दुर्बिणीला मी नको म्हणालो

मी जव्हारला शिक्षक. आमच्या घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे दवाखाना असो की तहसील, बोलायचं ते मीच. मोठी बहीण मोखाड्याकडच्या पाड्यावर एकटी राहते, शेतात राबते. पाळी जाऊन दहाएक वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. नाशिकला नेलं, तर गर्भपिशवीचा कॅन्सर. सुरुवातीचा होता, एवढं नशीब.

बहिणीला बाहेर बसवून मी एकटाच आत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून पिशवी काढू. चार छोटी भोकं. पोट उघडलं तरी बरं होण्याची आशा तेवढीच, पण यांना साखर आहे, मोठी जखम चिघळू शकते."

आणि मी, दीडशहाणा, म्हणालो, "नको. पोट उघडा, नीट बघून काढा."

का? तर कुटुंबनियोजनाच्या शिबिरात दुर्बिणीचं ऑपरेशन केलेल्या आमच्या भावजयीला वर्षाच्या आत दिवस गेले होते. तिला शिबिराला मीच नेलं होतं, पाड्यावरच्या शिव्याही मीच खाल्ल्या. दुधानं तोंड पोळलेला मी, ताक फुंकत बसलो. बाईंनी दोनदा समजावलं. मी हटलो नाही. बहिणीला इतकंच सांगितलं, "मोठं ऑपरेशन करायचंय." तिनं निमूट अंगठा दिला.

कॅन्सर गेला. पण टाके उसवले, जखम दोन महिने वाहिली, आणि मग तिथंच हर्निया आला. आता तिला आवणीला वाकता येत नाही, हंडा उचलता येत नाही. बाकीच्या बाया रोपं लावतात, ही बांधावर बसून बघते. मला ते बघवत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या शेजारच्या मावशीला तेच दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी तिला दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. मी चहा पीत होतो, आणि बहीण तिला सांगत होती, "भोकांचा नको करूस, बाय. पोट उघडून घे. माझे भावाने काय कमी नाय केला माला."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण उद्या त्या बाईचंही पोट चिरलं गेलं असतं. म्हटलं, "मावशी, दुर्बिणीचंच करा. हिलाही डॉक्टर तेच सांगत होते. मीच नको म्हणालो."

बहीण माझ्याकडे वळली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझा पोट होता ना रं," ती म्हणाली. "माला इचारायचास तरी."