घरचा नसलेला वाचक

विद्याताई मजकूर नुसता तपासत नसत. त्याप्रमाणे वागून पाहत. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे एक परिच्छेद ठेवला. 'योग्य काम शोधून त्याची मुदत वाढवावी,' हे पहिलं वाक्य त्यांनी वाचलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या. मी चहा घेऊन परतले तरी त्या तशाच.

"काय झालं, ताई?"

"चार-पाच कामं सापडली. योग्य कोणतं, ते तू सांगितलेलं नाहीस. म्हणून थांबलेय."

"ते कळेलच की."

"तुला कळेल, मला कळेल. आपला वाचक हुशार आहे गं, पण घरचा नाही."

हा वाचक म्हणजे एआय एजंट, लेखी सूचना वाचून स्वतःच कामं करणारा संगणकातला मदतनीस. कोणतं काम कुणाकडे आहे आणि कुठवर आलंय, हे कारखान्यांना नोंदवता यावं यासाठी पिंपरीतली आमची कंपनी सॉफ्टवेअर तयार करते. ते आता एजंटनेही चालवावं, असं ठरलं होतं. त्यासाठी मुदत बदलणं, काम बंद करणं अशा त्यातल्या प्रत्येक साधनाचं वर्णन लिहायचं होतं: ते केव्हा वापरावं आणि केव्हा वापरू नये. एजंट ते वाचणार आणि निमूटपणे तसंच करणार. मी भौतिकशास्त्र शिकून आले होते. नेमकेपणा मला कुणी शिकवावा, असं मला वाटत नव्हतं. विद्याताईंना वाटत होतं.

सांगवीतल्या त्यांच्या घरी जायचं, तर पत्ता मोबाइलचा पडदा दोनदा सरकवावा लागेल एवढा लांबलचक येई. 'निळ्या दाराची बेल वाजवू नये, ते झोपलेले असतात,' अशी सूचनाही त्यात असे. आम्ही हसायचो. चुकत मात्र कुणी नसे.

निघोज्याजवळच्या एका कारखान्यात आमचं प्रात्यक्षिक ठरलं. ते जमलं तर गटप्रमुखपद मला मिळेल, असं आमच्या संचालकांनी जवळजवळ सांगितलंच होतं. सगळं तयार असताना विद्याताई एका वाक्यावर अडून बसल्या: 'काम पूर्ण झाल्याची नोंद दिसताच माल नेणारी गाडी बोलवावी.'

"यात चूक काय आहे?"

"चूक नाही. ती नोंद कोण करतं, ते बघून येऊ."

"ताई, प्रात्यक्षिक परवा आहे."

"म्हणून तर उद्या जाऊ."

कारखान्यातले सुपरवायझर येळवंडे तिथल्याच गावचे. पडद्यावर एक काम हिरवं, म्हणजे पूर्ण दिसत होतं. समोरच्या मशीनवर तेच काम जोरात चाललं होतं.

"येळवंडेभाऊ, हे झालंय का?" विद्याताईंनी विचारलं.

"व्हय. हिरवं हाय की."

"मग मशीनवर काय चाललंय?"

"त्येच. सातपर्यंत व्हतंय. पर साहेबांचा रिपोर्ट साडेचारला निघतो, मॅडम. त्यात लाल दिसलं की वरनं फोन. म्हणून आमी चारलाच हिरवं करतो. समद्यांना म्हाईत हाय."

"एजंटला माहीत नाही," विद्याताई म्हणाल्या. एवढ्या प्रसन्न त्या दिवाळीच्या बोनसलाही दिसल्या नव्हत्या.

परतताना मी तोडगा काढला: एजंटला सातपर्यंत थांबायला सांगू.

"आणि सातला नाही झालं तर? त्याला विचारू दे." त्यांनी गाडीतच नवं वाक्य केलं: 'ही नोंद माल तयार होण्यापूर्वीही केली जाते, गाडी बोलवण्याआधी सुपरवायझरना विचारावं.'

"हा प्रश्न साहेबांच्या देखत पडद्यावर येईल, ताई. येळवंडे अडचणीत येतील. आणि मीही."

"तुझं तू बघ. त्यांना मी विचारते." त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडे येळवंड्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येऊ द्या. कवातरी कुणीतरी इचारायलाच पायजे व्हतं."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी चारला काम हिरवं झालं, तरी एजंटने गाडी बोलवली नाही. पडद्यावर प्रश्न उमटला: 'माल प्रत्यक्ष तयार आहे का?'

कारखान्याचे साहेब येळवंड्यांकडे वळले. "आहेच ना?"

"न्हाई, साहेब. सातला व्हईल."

"मग हिरवं का केलंत?"

"तुमाला साडेचारला हिरवं लागतं."

मी मनातल्या मनात गटप्रमुखपदाचा निरोप घेतला. विद्याताई मात्र घरचा पत्ता सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "रिपोर्ट सातला मागवलात, साहेब, तर यांना घाईनं हिरवं करावं लागणार नाही."

साहेबांनी पडद्यावरचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला. "घेतो आम्ही हे," ते म्हणाले. "रिपोर्टही सातला काढू. पण एक अट आहे. या बाई महिनाभर इथे बसतील."

महिना संपला, तरी त्यांनी विद्याताईंना सोडलं नाही. तिथेच नोकरी दिली. येळवंडे आता दिवसभर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि अधूनमधून मला फोन करून म्हणतात, "मॅडम, परत न्या की यांना."

परवा संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं. बाहेर येताच मी विद्याताईंना फोन लावला.

"ताई, मी गटप्रमुख झाले."

"झालीस? पत्र हातात आलं?"

"सोमवारी येणार आहे."

"मग सोमवारी फोन कर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.