दोन नंबरच्या गोळ्या

“सायेब, आत टाका हिला! दोन नंबरच्या गोळ्या खाती ही! दोन नंबरच्या!”

पासष्टीची ती बाई ठाण्यात अशी ओरडत होती, की कोठडीतल्या पाकीटमाराने न विचारता आणखी तीन पाकिटं कबूल केली. मागे तिची धाकटी जाऊ पदर खोचून शांत उभी होती. इतकी वर्षं झाली, पण काळेवाडीच्या त्या दोन जावा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सत्तरचं दशक. मी तिकडे फौजदार होतो. शेजारच्या ठाण्याच्या फौजदाराने नुकतीच चोरट्या घड्याळांची टोळी पकडली होती आणि पेपरात त्याचा फोटो आला होता. मिशी माझी त्याच्या दुप्पट, फोटो मात्र त्याचा! आठवडाभर मला जेवण गोड लागलं नव्हतं. त्यामुळे ‘दोन नंबर’ कानावर पडताच मी खुर्चीतून वीतभर उडालो. दोन नंबर म्हणजे काळा धंदा. म्हणजे बनावट औषधांची टोळी!

थोरलीची तक्रार अशी : दोघींना ब्लडप्रेशर, डॉक्टर एकच. तिची स्वतःची गोळी चकचकीत पट्टीतली, महाग. धाकटीची कागदाच्या पुडीतली, चौथाई किमतीची. “आन् वर मलाच ऐकिवती, मी दोन नंबरची घेती बाई, मला परवडतंय!”

मी धाकटीची चौकशी सुरू केली.

“आजी, गोळ्या कसल्या घेता?”

“दोन नंबरच्या.”

“म्हणजे कबूल?”

“त्यात कबूल काय करायचं? रोख देऊन घेती. समदी म्हातारी मानसं तिथंच जात्यात.”

समदी! मला माझा फोटो दिसू लागला. अशा वेळी औषध निरीक्षकाला कळवायचं असतं. मी कळवलं नाही. फोटोत आणखी एक माणूस कशाला? पाच शिपाई आणि दोन पंच घेऊन, निम्मा रस्ता जीप ढकलत, आम्ही तिने सांगितलेल्या दुकानावर छापा घातला.

दुकानदार म्हणजे एक जुना कंपाउंडर. फळीवर बरण्या, प्रत्येकीवर ठळक आकडा.

“दोन नंबरचा माल काढ!” मी गरजलो.

त्याने निमूटपणे दुसरी बरणी पुढे ठेवली. “साहेब, म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात इंग्रजी नावं राहत नाहीत, म्हणून आकडे घातलेत. एक नंबर सांधेदुखी, दोन नंबर ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी कंपनीचं नाव न घालता नुसतं औषधाचं नाव लिहिलं, की मी हजार गोळ्यांच्या डब्यातली देतो. औषध तेच. पट्टीचे आणि जाहिरातीचे पैसे वाचतात.”

बिलं चोख, परवाना चोख. डॉक्टरांनीही दुजोरा दिला. “जो विचारतो त्याला तशी चिठ्ठी देतो. थोरल्या बाईंनी कधी विचारलंच नाही.”

फोटो गेला. तोंड पाडून ठाण्यात परतलो आणि दोघींच्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. थोरलीच्या बटव्यातून अर्धे तुकडेच निघाले. प्रत्येकावर दाताची खूण.

“आजी, हे काय?”

ती पहिल्यांदाच हळू बोलली. “पोराची कंपनी बंद हाय. अर्धी खाती. तीबी दिवसाआड.”

“अगं, मला इचारायचं की!” धाकटी कळवळली.

“तुला? तुला इचारू?”

थोरलीला तसंच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. यंत्रातला पारा असा चढला, की छत फोडून जातो असं मला वाटलं. डॉक्टर घाबरलेच. मनाने गोळी अर्धी करणं जिवावर बेतलं असतं, म्हणाले, आणि त्यांनी लगेच डब्यातल्या गोळीची चिठ्ठी लिहून दिली.

स्टेशन डायरीत मी ‘तक्रारीत तथ्य नाही’ असं लिहिलं. खरं तर तथ्य होतं, फक्त तक्रार भलत्याच गोष्टीची होती. नोकरीत मी पुष्कळ खबरे सांभाळले. असूया सगळ्यांत तत्पर खबऱ्या. ती दुसऱ्याची माहिती फुकट आणून देते, पण स्वतःची दडवून ठेवते. आणि ऐकणारा साहेबही जळत असला, की एका साध्या शब्दाचा अर्थ विचारायला कोणी उरत नाही.

महिन्याने थोरली भाजी घेताना भेटली. चेहऱ्यावर तजेला होता. मी मोठ्या ऐटीत विचारलं, “काय आजी, झाली ना जावाजावांची गोडी?”

“न्हाई,” ती वांगी निवडत म्हणाली. “तिचं प्रेशर माझ्यापरीस कमी हाय.”