राहू दे मग

माझ्या बायकोच्या मावसबहिणीने मला फसवलं. मी तिच्याकडे एक नवं गाणं मागितलं होतं. तिने माझेच शब्द मला परत दिले आणि वर टाळ्या घेतल्या. मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. साताऱ्याहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन गाझियाबादला आलो आणि टाइल्सचं दुकान उभं केलं ते निव्वळ घासाघीस करण्याच्या जोरावर. गुजरातेत मोरबीच्या टाइल्स-कारखानदारांनी माझ्यापुढे हात टेकले आहेत. पण या अख्ख्या दिल्लीत मला गुंडाळणारं एकच माणूस निघालं, आणि तेही जॅझ गाणारं.

ती राहायची मयूर विहारला, एका सरकारी कचेरीत फायली हलवायची आणि उरलेल्या वेळात स्वतः गाणी रचून गायची. जॅझ म्हणजे नक्की काय, हे मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "भावोजी, सगळं ठरलेलं असतं, पण ठरल्यासारखं करायचं नसतं." खरं म्हणजे मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी तिच्याशी सौदा केला. तिला दर रविवारी सकाळी तालमीसाठी माझ्या गोदामाचा मागचा भाग हवा होता. खोक्यांच्या थप्प्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही म्हणे. मी म्हटलं, घे. बदल्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक मराठी गाणं म्हणायचं, नवं आणि स्वतःचं. "एकच?" तिने विचारलं. "एकच," मी म्हटलं. "बिल्कुल, भावोजी. ठरलं."

मग तीन गणपती आले आणि गेले. दर वर्षी मी मंडळाला शब्द द्यायचो आणि दर वर्षी ती म्हणायची, "अजून पिकलं नाही." गाणं म्हणजे काय फणस आहे? इकडे गोदामाची तर तिने शाळा करून टाकली. कँटोन्मेंटच्या बँडमधून निवृत्त झालेले आमच्या साताऱ्याकडचे एक सुभेदार तुतारीसारखं काहीतरी विलायती वाद्य घेऊन यायचे. गाझियाबादचाच एक ड्रमवाला यायचा, शिवाय कुठून कुठून पोरंपोरी. आज गुडगावच्या हॉटेलांत जे वाजवतात, त्यांतले निम्मे माझ्या खोक्यांवर बसून शिकले आहेत, आणि त्यांनी चेपलेल्या खोक्यांतला माल मी फुटका म्हणून काढला आहे. टाइल आतून तडकली आहे का हे पाहायला आम्ही ती बोटाने वाजवून बघतो. हे तिने पाहिलं मात्र, त्या दिवसापासून ती थप्प्याथप्प्यांतून टाइल्स वाजवत, सूर शोधत हिंडू लागली. एकदा एक गिऱ्हाईक टेंपो घेऊन दारात उभं, आणि त्याच्या न्हाणीघराच्या टाइल्सच्या खोक्यावर खडूने लिहिलेलं, 'कोमल गंधार. विकू नये.'

एक गाणं तिने दोनदा सारखं म्हटलं असेल तर शपथ. मी एकदा सरळ विचारलं, "गेल्या रविवारी म्हटलंस तसं आज का नाही?" तर म्हणाली, "ते गेल्या रविवारचं होतं." आमच्या धंद्यात नमुना एक आणि माल दुसरा दिला तर गिऱ्हाईक गळा धरतं, हिचे लोक वाहवा करायचे. वर प्रत्येक ओळीत उशिरा शिरायची खोड. जन्मभर परेडच्या तालावर वाजवलेले सुभेदार रडकुंडीला यायचे. "ताई, तुम्ही मागे पडताय." ही शांतपणे म्हणायची, "मागे नाही पडत, सुभेदारसाहेब. तालाला जरा पुढे जाऊ देतेय. बोलवेल तो."

आता माझी घासाघिशीची रीत सांगायला हवी. शेवटचा भाव सांगून झाला की मी "राहू दे मग" म्हणतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. समोरचा हिंदीवाला असला तरी मराठीतच म्हणतो; सूर कळतो. मागे वळून बघायचं नाही. सातव्या पावलाच्या आत हाक येतेच. हे सारं ती खोक्यावर बसून बघत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चौथ्या गणपतीत तिने गाणं म्हटलं. एक बाई एका जाणाऱ्या माणसाला म्हणते, 'राहू दे मग', आणि मग सात मात्रा कोणी काही वाजवत नाही. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. माझी बायकोही. ड्रमवाल्याने नंतर विचारलं, "दीदी, ये जाने को बोल रही है या रुकने को?" ती म्हणाली, "भावोजींना विचार. शब्द त्यांचे आहेत." मी भडकलो आणि उठून गेलो. तेव्हापासून मंडळातलं कोणी दुकानात आलं आणि मी "राहू दे मग" म्हटलं की समोरचा हसून पुढची ओळ गुणगुणतो. माझं हत्यारच बोथट झालं.

गेल्या वर्षी ती गोदामाची किल्ली घेऊन आली. नोकरी सोडली होती. गोव्याला कोणी तिला गायला बोलावलं होतं, कायमचं. किल्ली पुढे करून म्हणाली, "भावोजी, मी जाऊ ना?" किल्लीला हात न लावता मी म्हटलं, इथल्या पोरांचं काय, सुभेदारांचं काय, गणपतीचं काय? माझं सगळं सांगून झालं. किल्ली तिने तशीच पुढे धरली होती. तेव्हा मी म्हटलं, "राहू दे मग," आणि पाठ फिरवून चालू लागलो. सात पावलं झाली. ही उशिरा शिरणारी, म्हणून मी आठवं टाकलं, नववं टाकलं. वळलो तेव्हा किल्ली खोक्यावर होती आणि फाटक उघडं होतं.

बायको म्हणते, "अहो, एकदा वळून बघायचंत ना." तिला धंद्यातलं काय कळतं? रविवारी मी अजून मागचा भाग उघडतो. सुभेदार येतात, थोडं वाजवतात, मध्येच थांबतात. ते कोमल गंधाराचं खोकं मी विकलेलं नाही. पण माझा सवाल एवढाच आहे: त्या शब्दांचे दोन्ही अर्थ तिला ठाऊक होते, त्यांवर तिने गाणं रचलं होतं. मग माझ्या वेळेला नेमका जाण्याचाच अर्थ तिने का धरला? याचं उत्तर तिने गोदामात उभं राहून मला द्यायचं आहे. नेहमीसारखी उशिरा आली तरी चालेल.