शेवटचे दोन आकडे एक्केचाळीस

"कोणाचा नंबर आहे जी हा?" धोपट्यांनी विचारलं.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लिहून आलं होतं की ओटीपी पाठवला आहे, शेवटी एक्केचाळीस असलेल्या मोबाइलवर. खोलीत आम्ही तिघं होतो. मालक प्रमोद धोपटे, बावीस वर्षांपासून त्यांचे अकाउंट्स लिहिणारे तिवारीजी, आणि मी. तिवारीजींनी आपला फोन बघितला, धोपट्यांनी आपला बघितला. मी पंख्याकडे बघत होतो. नंबर माझा होता. म्हणजे, कधीकाळी माझा होता.

मी केंद्र सरकारच्या एका अकाउंट्स ऑफिसातून रिटायर झालो. तीस वर्षं लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या. आता जबलपूरच्या छोट्या ठेकेदारांची कामं बघतो. स्वभावानं मी पक्का भित्रा. कुलूप लावल्यावर चार पायऱ्या उतरून परत वर जाऊन ते ओढून बघणारा. बायको म्हणते, यांना भीती वाटायला कारण लागत नाही. त्या मंगळवारी मात्र कारण चांगलं घसघशीत होतं.

धोपट्यांचं काम पाइपलाइनचं. पाण्याची, आणि मोठ्या इमारतींमध्ये आग विझवायची जी लाल पाइपलाइन असते तिची. बड़ा फुहारा चौकाजवळ ऑफिस, तीन-चार साइट कायम चालू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत खरेदीची बिलं सुपरवायझरच्या शर्टाच्या खिशात असायची, आणि शर्ट धुतला की बिलं गेली. एक दिवस धोपटे म्हणाले, "काका, एक सॉफ्टवेअर घेऊन टाकू. तुम्ही म्हणाल ते."

"तुम्ही म्हणाल ते" ऐकलं की उद्याचा दोष कोणाचा ते मला आजच दिसतं. पण मान डोलावली.

तीन सॉफ्टवेअर बघितली. पहिलं प्रत्येक दुकानात असतं तसं, एका कॉम्प्युटरवर चालणारं. तिवारीजींना ते येत होतं. पण ते त्या कॉम्प्युटरच्या पेटीतच बसणार, साइटवरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. दुसरं मोबाइलवरचं, बिलं बनवणारं. किराणा दुकानाला झकास. पण ठेकेदाराचं बिल दुकानदारासारखं नसतं. काम जितकं झालं तितक्याचं बिल लावायचं, महिनाभरानं पुढचं लावायचं. याला रनिंग बिल म्हणतात. शिवाय प्रत्येक बिलातून सरकारी खातं थोडी रक्कम कापून ठेवतं, की वर्षभरात पाइप गळला तर ती जप्त करता यावी. त्या अॅपला यातलं काही कळत नव्हतं. तिसरं इंटरनेटवरचं. प्रत्येक साइटचा खर्च वेगळा दिसायचा, आणि साइटवरून बिलाचा फोटो पाठवला की तो थेट त्या साइटच्या खात्यात जाऊन बसायचा.

मी चार वेळा डेमो घेतला. वहीत छत्तीस प्रश्न लिहून नेले होते. लाइट गेली तर काय, नेट गेलं तर काय, तुमची कंपनी बुडाली तर काय. विकणारा मुलगा शेवटी म्हणाला, "सर, इतने सवाल तो बैंकवाले भी नहीं पूछते." मला त्या वाक्याचा चांगला आठवडाभर अभिमान वाटला.

तिसरं घेतलं. त्यातही सगळ्यात स्वस्त प्लॅन, एकच युजर. साइटच्या लोकांना एक लिंक मिळायची, तिच्यावरून बिलाचा फोटो पाठवता यायचा, बघता काही यायचं नाही. नोंदणी करताना मोबाइल नंबर मागितला. धोपटे साइटवर, फोन उचलेनात. मी माझ्या ओटीपीच्या फोनचा नंबर टाकला.

हा ओटीपीचा फोन काय ते सांगतो. आमच्या धंद्यात बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये एक बटणांचा जुना फोन असतो. मालक लोक वेळेवर फोन उचलत नाहीत, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. मग सोय म्हणून आम्ही आपलाच नंबर देऊन टाकतो. टॅक्सच्या रिटर्नसाठी मी मालकांचेच नंबर ठेवले होते, इतकी अक्कल होती. पण सॉफ्टवेअर, टेंडरच्या वेबसाइट, सप्लायरकडची खाती, असं सटरफटर सगळं त्या फोनवर. अकरा जणांचं.

मागच्या वर्षी बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आधी एक, मग दुसरा. सात महिने आम्ही नागपूरला मुलाकडे. फोन जबलपूरला ड्रॉवरमध्ये, रिचार्ज कोणी करायचं? परत आलो तर सिम बंद. कंपनीच्या दुकानात सांगितलं, तो नंबर दुसऱ्याला देऊन झाला. मी म्हटलं, चलो, एकेक करून बदलून टाकू. तिवारीजींच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघडंच असायचं, त्यामुळे ते ओटीपी मागतच नव्हतं. निवांत बदलू म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. सिविल लाइन्समधल्या एका सरकारी इमारतीत धोपट्यांनी आगीची पाइपलाइन टाकली होती. तिच्यात हलका पाइप वापरलाय अशी कोणीतरी तक्रार केली. खात्याच्या इंजिनिअरसाहेबांचं पत्र आलं: सगळ्या पाइपची खरेदी बिलं आणि कारखान्याची टेस्ट सर्टिफिकेटं शुक्रवारी पाचपर्यंत दाखवा, नाही तर फर्मचं नाव काळ्या यादीत. पाइप अस्सल होता. कागद सगळे सॉफ्टवेअरमध्ये होते, फोटो काढून. मूळ कागद? मी सांगितलं होतं, फोटो काढा आणि कागद फायलीला लावा. साइटच्या लोकांनी अर्धं ऐकलं होतं. आणि सोमवारी व्होल्टेज वाढून तिवारीजींचा कॉम्प्युटर जळाला. नवीन कॉम्प्युटर आणला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्यानं ओटीपी मागितला.

मी दोघांना सगळं सांगून टाकलं.

"काळ्या यादीत गेलो तर सरकारी काम बंद, काका," धोपटे म्हणाले. "अठरा फिटर आहेत माझ्याकडे. त्यांना काय सांगू?"

"मी बघतो."

"काय बघता? काहून नाही सांगितलं तुम्ही तेव्हाच?"

मी सॉफ्टवेअरच्या कस्टमर केअरला फोन लावला. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवरचा ओटीपी द्या, किंवा कागदपत्रं पाठवा, सात ते दहा वर्किंग डेज. मी विनवण्या केल्या. पलीकडची मुलगी गोड आवाजात तेच वाक्य परत म्हणाली.

तेव्हा मी स्वतःच्याच जुन्या नंबरवर फोन लावला. एका बाईनं उचलला.

"मैडम नमस्ते, आपके फोन पर अभी एक ओटीपी आया होगा..."

तोंडातून वाक्य निघालं आणि मला घाम फुटला. असा फोन आला तर लगेच कापा, असं मी स्वतः किती जणांना बजावलं होतं!

"शरम नहीं आती?" बाई म्हणाल्या. "आवाज़ से तो बुज़ुर्ग लगते हो." फोन कट.

परत लावला, लागेना. मला ब्लॉक केलं होतं. धोपट्यांच्या फोनवरून लावला, त्यांचाही ब्लॉक झाला. तिवारीजी म्हणाले, "मेरा मत लगाइए, मेरे को घर जाना है."

शेवटी बायकोच्या फोनवरून मी मेसेज लिहिला. नाव, घरचा पत्ता, कुठून रिटायर झालो, काय घडलं. तुम्ही सांगाल तिथे येतो. अडीच तासांनी उत्तर आलं: "कल 11 बजे थाना आइए. आधार लाना।" खाली गावाचं नाव. कटनी रोडवर, तासाभराचं अंतर.

आमच्या घराण्यात कोणी पोलीस स्टेशनची पायरी चढलेलं नाही. नोकरीभर मी चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बायको म्हणाली, "पेन्शन बंद करतील का हो?" मी म्हटलं नाही, पण मला नक्की माहीत नव्हतं.

बुधवारी धोपटे गाडी चालवत होते. माझ्या मांडीवर फाइल: आधार, पेन्शन कार्ड, धोपट्यांच्या फर्मचं सर्टिफिकेट, इंजिनिअरचं पत्र. वाटेत धोपटे एकदाच बोलले, "तिनं नाही दिला तर?" मी फाइलमधले कागद परत मोजले.

ठाण्यात हेड कॉन्स्टेबल बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा, तो आप हैं ओटीपी वाले?"

बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. त्यांना कशासाठी आणलं होतं देव जाणे, पण ते माझ्यापासून थोडे लांब सरकले. मी पेन्शन कार्ड पुढे केलं. थोड्या वेळानं तेच परत पुढे केलं.

बाई आल्या. पन्नाशीच्या, शिवणकाम करणाऱ्या, गळ्यात टेप तसाच. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून शाळेची एक कॉपी, म्हणजे वही, काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत तारखा, वेळा आणि मेसेजमधली नावं. दोन महिन्यांत त्या नंबरवर आलेला प्रत्येक ओटीपी त्यांनी लिहून ठेवला होता. मी नसताना कोणी ना कोणी मालक लॉगिन करून बघत असणार.

"पहले वाले नंबर पर मेरे साथ फ्रॉड हुआ था, साहब," त्या हेडसाहेबांना म्हणाल्या. "सिलाई के जोड़े हुए सब चले गए. इसलिए नंबर बदला. और जिस दिन ये वाला चालू किया, उसी दिन ओटीपी आया. मैं समझी, वो लोग फिर मिल गए मुझको."

घरात एकट्या असल्या की त्या फोन पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायच्या. मी दोन दिवस घाबरलो होतो, ही बाई दोन महिने घाबरून होती, आणि तिला घाबरवणारा मी होतो. मला तिच्याकडे बघवेना. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हटलं, "गलती मेरी है, बहनजी."

त्यांनी कॉपी स्वतःकडे ओढून घेतली.

धोपट्यांनी लॅपटॉप उघडला. "दीदी, एक बार बस वो नंबर बता दीजिए."

"दीदी किसी को नहीं बताएँगी," हेडसाहेब म्हणाले. "हम ही तो सिखाते हैं सबको."

धोपट्यांचा चेहरा उतरला. बाईंनी इंजिनिअरचं पत्र उचललं, सावकाश वाचलं, मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"बताऊँगी नहीं," त्या म्हणाल्या. "डालूँगी मैं."

एका हातानं स्क्रीन झाकून त्यांनी एकेक आकडा दाबला. पहिला ओटीपी वेळ संपून मेला. दुसऱ्याला सॉफ्टवेअर उघडलं. धोपट्यांनी तिथल्या तिथे आपला नंबर टाकला, आणि बिलं दिसायला लागली. एकशे चौदा फोटो. एक तर चहाच्या कपासकट.

मी फाइल आवरायला लागलो. बाईंनी कॉपीवर बोट ठेवलं. "और ये बाकी किसके हैं?"

बाकी दहा जण माझेच होते. हेडसाहेब म्हणाले, हर मालिक से बात कराइए, तब दीदी डालेंगी. दहाच्या दहा जणांना मी ठाण्यातून फोन लावले. स्पीकरवर. "मैं थाने से बोल रहा हूँ" असं दहा वेळा म्हणालो. एक जण म्हणाला, काका, जमानत के लिए आऊँ क्या? दुपारचे तीन वाजले. शेवटचा नंबर बदलल्यावर बाईंनी कॉपी मिटली, पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

गुरुवारी धोपट्यांनी कागद जमा केले. पाइप तपासला गेला, नाव काळ्या यादीत गेलं नाही. त्या दहांपैकी तिघांनी मला सोडलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो मालकाला: तुमचा फोन खिशात आहे का? छत्तीस प्रश्न त्यानंतर.

धोपट्यांनी मला ठेवलं. पण ओटीपी लागला की मी फोन करतो, आणि ते म्हणतात, "या इकडे काका, मी स्वतः टाकतो." घरापासून त्यांचं ऑफिस सहा किलोमीटर. मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्याला गमछा बांधून, सहा आकड्यांसाठी मी स्कूटर काढतो. ते टाकतात, आणि तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तसं करायला मला कोणी सांगितलेलं नाही.