पुलाखालचा मांडव
कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासासोबत भाचीच्या लग्नासाठी घेतलेला फेटा समोर येतो. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईत तिचं लग्न होतं आणि तिला हाताला धरून मांडवात आणायचा मान माझा, मामाचा होता. मुरबाडहून नवी जीप मीच चालवत नेली. आमच्याकडे सिद्धगड कुठल्या हाताला आहे ते पाहिलं की वाट चुकत नाही. तिथे नुसते पुलावर पूल, आणि तापलेल्या डांबराची वाफ. "अवो, कोणाला तरी इचारा ना," बायको म्हणाली. "बाजारात भाव मी सांगतो, कोणाला इचारत नाय. आता वाट इचारू?" मी तिच्यावर खेकसलो. मग एका पुलावरून खाली मांडव दिसला, सनईसुद्धा ऐकू आली, पण उतरायला रस्ताच नव्हता. पूल आम्हाला थेट खाडीपर्यंत घेऊन गेला. फिरून पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बहिणीच्या शेजाऱ्याने मामा म्हणून नवरीला आणलं होतं. "दादा, मुहूर्त थांबतो का रे?" बहीण म्हणाली. सख्ख्या भावासाठी ती घटकाभर थांबली नाही, हे मी अजून विसरलेलो नाही. भाची त्या शेजाऱ्याला नुसतं मामा म्हणते. मला मुरबाडचे मामा म्हणते.