बरोबरचं चिन्ह आणि नलिनीताई

मोबाइलवर नलिनीताईंचं नाव दिसलं म्हणून फोन उचलल्या उचलल्या मी बोलायलाच लागले, "ताई, सोमवारी कॉम्प्युटरचा तास तुम्ही घ्याल ना? मला निबंध तपासायचे आहेत..." पलीकडून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. "मीनाताई, ती गेली. पहाटे झोपेतच." नाव ताईंचं, आवाज यजमानांचा, आणि मी म्हणाले, "बरं, मग मी घेते सोमवारचा तास." आपण काय बोललो, ते फोन ठेवल्यावर कळलं. याला आता महिना होत आला, पण डोक्यातला गोंधळ काही निस्तरत नाही.

आमची शाळा कान्हे गावाजवळ. मी मराठी शिकवते, त्या गणित शिकवायच्या. औंढ्यापासून टाकव्यापर्यंत गावोगावी त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आहेत, आणि त्या मुलांची मुलंही. वहीत बरोबरचं चिन्ह वाकडं काढलेलं त्यांना खपत नसे. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, सरळ. "याच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट असते. त्याचा मान ठेवा," म्हणायच्या. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला माणूस नव्हता. मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव दिलं आणि जोडीला माझं. माझं का, ते मला आजही कळलेलं नाही.

तळेगावला प्रशिक्षण होतं. शिकवणारा मुलगा उत्साही होता. त्याने पडद्यावर लिहिलं, एक्स बरोबर एक्स अधिक एक. नलिनीताई उभ्या राहिल्या. "हे खोटं आहे."

"मॅडम, एक्स म्हणजे एक डबा समजा. डब्यात पाच आहेत. त्यात एक मिळवला, सहा झाले, ते परत डब्यात ठेवले."

"डबा समजला. पण मधे बरोबरचं चिन्ह का घातलंत?"

सभागृहात हशा पिकला. तो मुलगाही हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. ताई खाली बसल्या. मला वाटलं होतं, गणिताच्या बाई आहेत, परतताना त्याच मला समजावतील.

खरा प्रसंग पुढे वर्गात घडला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: अ बरोबर पाच, ब बरोबर अ. मग अ बरोबर सात. "आता ब किती?" आणि स्वतःच सांगितलं, "सात. ब हा अ च्या बरोबर आहे ना!" मुलांनी तेच टाइप करून चालवलं. सगळ्या पडद्यांवर पाच. मागून कुणीतरी खुदकन हसलं. ताईंनी पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा पाच. तास संपल्यावर त्या थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या. "हा विषय काढून घ्या माझ्याकडून. मी आयुष्यभर जे चिन्ह शिकवलं ते हे नाही. आणि हे मला कळत नाही." त्यांच्या तोंडून 'कळत नाही' मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला भीती वाटली. सरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मी व्याकरणाचे पेपर तपासत होते. ताई शेजारी डबा उघडून नुसत्याच बसल्या होत्या. पेपराकडे बघत त्यांनी विचारलं, "मीना, 'दार उघड' हे वाक्य खरं की खोटं?"

"ताई, ते आज्ञार्थी आहे. खरं-खोटं कसं असेल? ते नुसतं सांगणं आहे."

"सांगणं..." त्या म्हणाल्या. डबा तसाच टाकून कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाला म्हणाल्या, "मागच्या तासाला माझं चुकलं. हे समीकरण नाही, हा हुकूम आहे. आधी उजवीकडचं काढ, आणि जे येईल ते डावीकडच्या नावाला दे. ब ला तेव्हा पाच दिले, ते त्याच्याकडे राहिले. पुढे अ चं काय झालं, हे ब ला कोण सांगणार?" मुलांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं तर मला अर्धंच कळलं होतं, आणि माझ्याच वाक्यातून हे निघालं हे तर अजिबात पटत नव्हतं. पुढे चाचणीत टाकव्याच्या एका पोराने बीजगणिताच्या उत्तरात तेच एक्स बरोबर एक्स अधिक एक लिहून ठेवलं. ताईंनी विचारलं तर म्हणाला, "हुकूम हाय न्हवं, बाई?" शिक्षकांच्या खोलीत हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पण त्यांचं समाधान झालं होतं का? शेवटच्या शनिवारी फाटकापाशी म्हणाल्या, "तिसऱ्या तासाला गणितात एक अर्थ, पाचव्या तासाला कॉम्प्युटरवर दुसरा. चिन्ह तेच. अजून दचकायला होतं गं..." मी म्हणाले, सवय होईल. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात रिक्षा आली.

आता तो विषय माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं, एक्स बरोबर पाच. त्याखाली, एक्स बरोबर आठ. "आता एक्समध्ये किती?" "आठ," सगळ्यांनी सांगितलं. औंढ्याची एक मुलगी उठली. "बाई, मंग आदीचं पाच कुटं गेलं?"

पुसलं गेलं, असं सांगायचं होतं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. पण पुसलं म्हणजे गेलं कुठं? माझी नजर सवयीने मागच्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली. मी शिकवताना ताई तिथं बसायच्या आणि माझं अडलं की पुढचं वाक्य तिथून यायचं. खुर्चीवर कुणीतरी दप्तर ठेवलं होतं.

"बस खाली," मी म्हणाले. "विचारून सांगते."

कुणाला, ते तिनं विचारलं नाही.